काचेवर साबण राहिला

आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या काकांनी सव्वीस वर्षांत साबणाला हात लावला नाही. लोक हसतात. हसू देत. मी शेजारच्या खोलीत काचेच्या नळ्या तापवून, फुंकून भांडी घडवतो, मी रोज पाहिलंय. भांडं आधी अ‍ॅसिडात, मग दहा पाण्यांत, शेवटी उजेडात धरायचं. पाणी काचेवरून सलग उतरलं तरच कपाटात, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. घरी काकू त्यांना ताटली विसळू देत नाहीत. म्हणतात, "यांची एक ताटली होईस्तोवर पुढच्या जेवणाची वेळ होते."

हा सगळा खटाटोप एका थेंबासाठी. पाण्यात सुईच्या टोकाला तेलाचा थेंब लोंबत ठेवायचा. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे कण सोडायचे, ते तेल आणि पाणी भेटतात त्या सीमेवर येऊन बसतात. मग एक खास साबण मोजून सोडला की तो कणांना धरून ठेवतो आणि थेंबावर साय धरते. थेंब थोडा आत ओढला की सायीला सुरकुत्या पडतात. साबण आधी गेला तर मात्र संपलं. तो चपळ, धावत जाऊन जागा अडवतो आणि कण बाहेर ताटकळतात. भांड्याला साधा साबण चिकटून राहिला तरी तीच गत.

हा प्रयोग करणाऱ्या संशोधक मुलीला हे काकांनीच शिकवलं. आली तेव्हा तिला सुईत तेल भरता येत नव्हतं. काका स्वतःच्या डब्यातलं अर्धं तिला देत.

मोठ्या पाहुण्यांसमोर प्रयोग होता त्या सकाळी ती घाईत होती. तिने साबणाची बाटली आधी उचलली.

"अगं पोरी, आधी कण," काका म्हणाले. मी दारातच उभा होतो.

"काही फरक पडत नाही हो, काका," म्हणत तिने साबण ओतला, मग कण सोडले. पडद्यावर सगळ्यांना थेंब दिसत होता. तिने तो आत ओढला. एकही सुरकुती पडली नाही. पाहुणे घड्याळ बघू लागले.

दुपारी साहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं. काय चुकलं, एवढंच विचारलं.

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "काचेवर साबण राहिला असेल, सर."

काकांच्या हातचं भांडं साफ असतं, या एका शब्दावर तो माणूस जगला होता.

"मी साबण वापरतो का? तूच सांग, पोरी."

"मला काय माहीत, काका."

जिला पोटच्या पोरीसारखं वागवलं, तिनेच केसाने गळा कापला. आणि मी? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, म्हणून गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी काकांची बदली झाली, भांडारात खोके उचलायला.

आठवड्याने प्रयोग पुन्हा करायचं ठरलं. आदल्या दुपारी ती भांडारात आली. मीही तिथेच काचेच्या नळ्या घ्यायला गेलो होतो. तिच्या हातात रुमालात गुंडाळलेला काचेचा चंबू होता.

"काका, एवढा एक धुऊन द्या ना. माझ्याने होत नाही."

त्यांच्या जागी मी असतो तर दार दाखवलं असतं. काका उठले, जुन्या मोरीपाशी गेले. तासभर लागला. कोरडा चंबू तिच्या हातात देत ते म्हणाले, "साफ आहे, मॅडम. आता बिघडलं तर कोणाचं नाव घ्याल?"