दोन, पाच, तीन बोटं

पत्नी गेल्यावर महिन्याभरानं तिच्या शाळेतून फोन आला. बाई पाचवीच्या मुलींकडून रोज डोळ्यांचे व्यायाम करून घ्यायच्या, ते बंद पडलेत. येऊन दाखवाल का? मी आयुष्य ग्रंथालयात काढलेला माणूस. पण घरी ती सराव करायची तेव्हा समोर मीच असायचो. गेलो.

तळवे घासून डोळ्यांवर ओंजळ धरायची. भुवईच्या आतल्या टोकाशी बोटानं हलकं दाबायचं. घरी मोबाईलवर अभ्यासाचे व्हिडिओ बघणाऱ्या त्या मुली निमूट दाबत होत्या. एकीनं तर इतकं दाबलं की कपाळावर लाल ठिपके उमटले.

"रोज डोकं दुखतं," ती म्हणाली. "बाईंनी शिकवल्यापासनं जरा बरं वाटतंय."

शेवटचा व्यायाम लांब बघण्याचा. एक डोळा झाकायचा, व्हरांड्याच्या टोकाला उभ्या बाई बोटं वर करणार आणि सगळ्या मुली एका सुरात आकडा सांगणार. मला गोंगाट सोसत नाही, म्हणून मी एकेकीला उभं केलं.

जोरात दाबणाऱ्या त्या मुलीची पाळी आली. तिनं उजवा डोळा झाकला. पत्नी घरी करायची तशीच मी आधी दोन बोटं दाखवली.

"दोन."

तेवढ्यात मनात आलं, पत्नी रोज इथंच उभी राहायची. माझा हात आपोआप खाली आला.

"पाच," मुलगी म्हणाली. जरा थांबून, "तीन."

मुली फिदीफिदी हसल्या. "अगं आंधळे, सरांनी हातच वर केला न्हाय की!"

"मग काय झालं? दोन, पाच, तीन. रोजचंच तर हाय." ती चिडली होती. "डाव्यानं कुटं कुणाला दिसतंय?"

हसणं थांबलं. ती सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघू लागली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आणि मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आई घरी टॉवेलच्या कडा शिवते. कामावरून तशीच उठून आली होती. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा लहानपणापासून अधू आहे, सगळा ताण उजव्यावर. चष्मा लावू, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधू. उशीर झालाय, नजर किती येईल, सांगता येत नाही.

बाहेर बाकावर आई म्हणाली, "बाई असत्या तर कवाच वळखलं असतं त्यांनी."

महिनाभर लोक पत्नीविषयी चांगलंच बोलत होते. मी त्यातला शब्दन्‌शब्द जपून ठेवत होतो. हाही ठेवता आला असता.

"नाही," मी म्हणालो. "मुलगी वर्षभर रोज समोर होती, तरी बाईंना कळलं नाही. दाबल्यावर दुखणं थांबायचं, म्हणून पुढं कुणी बघितलंच नाही."



"माझ्या पोटची हाय," आई म्हणाली. "मला तरी कुटं कळलं?"

मग उठली, आत गेली, आणि पट्टी आत्ताच बांधा म्हणाली.