वांग्याच्या वाफ्यातल्या काचा

कारंज्यात माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान आहे. हल्ली मांडवात मोठा पडदा लावतात आणि नवरा-नवरीच्या मागे त्यावर काहीतरी सतत हलत राहावं लागतं. एका गिऱ्हाइकानं मोबाईलवर उमलणारी, मिटणारी गोल नक्षी दाखवली आणि 'असं पाह्यजे' म्हणाला. मी त्या नक्षीला चांगला ओळखत होतो.

लहानपणी मंगरूळपीरच्या उरुसातून वडिलांनी माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे बाईला, शोभादर्शकाची नळी आणली होती. डोळ्याला लावून फिरवली की फुलंच फुलं. एवढी फुलं आत मावतात कशी, या प्रश्नानं मला जेवण गोड लागेना. एका दुपारी बाई विहिरीवर गेली असताना मी विळ्यानं नळी उभी चिरली. निघालं काय, तर काचेच्या तीन पट्ट्या आणि बांगड्यांचे चिमूटभर तुकडे. घाबरून मी सगळं उकिरड्यावर नेऊन टाकलं. बाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण नळीचा विषय तिनं कधीच काढला नाही, आणि तेच मला आजवर बोचत आलं आहे.

गिऱ्हाइकाचं काम होईल तेव्हा होईल, आधी बाईची नळी कॉम्प्युटरवर बनवून तिला परत करायची असं मी ठरवलं. तिची गावाबाहेर भाजीची वाडी आहे. तिथं जाऊन म्हणालो, "बाई, तुह्या जुन्या बांगड्या दे, फोडून स्कॅन करतो."

तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "फोडाची गोठ काहाले करतं? तुये भाऊजी धडधाकट हायेत अजून."

पन्नाशीच्या माणसाला एवढं कळू नये? आमच्याकडे बांगडी पिचली तरी ती 'वाढवली' म्हणतात, आणि मी सवाष्णीच्या दारात जाऊन फोडायला मागत होतो. मी कान पकडले. मग तिनंच बामची एक जुनी डबी आणून दिली. वांग्याच्या वाफ्यात तण निंदताना बायांच्या बांगड्या पिचतात. ते तुकडे पुढे पायात रुतू नयेत म्हणून ती वेचून ठेवते. डबी निम्मी भरलेली होती.

दुकानात येऊन ते तुकडे स्कॅनरवर पसरले. त्यांना चिकटलेली काळी माती धुवावी की नाही यावर बराच विचार केला आणि धुतली नाही. त्या चित्रातून कलिंगडाच्या फोडीसारखी एक पाचर कापली. शेजारी तिचीच उलटी प्रत, पलीकडे पुन्हा सुलटी, अशा सहा बसवल्या की गोल पुरा होतो. एखादी उलटायची राहिली तर सांधा लगेच चुगली करतो. सगळं जमल्यावर गोल फिरवला, तर छताचा पंखा झाला. तीन दिवस मी पंखाच फिरवत बसलो. मग लक्षात आलं की पाचर जागची हलवायचीच नाही. ती खिडकी आहे, तिच्यामागे काचांचं चित्र सरकवायचं. तसं केलं आणि फुलं उमलायला लागली. मी दुकानात एकटाच हसलो.

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून बाई आली. तिला पडद्यासमोर बसवलं. टक लावून पाहत होती. मला वाटलं, जमलं.

"हे हिरवं फूल तं मघाशी आलतं," ती म्हणाली.

चित्र बारा सेकंदांचं आहे, ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, असं मी सांगितलं.

"माह्या नळीत एकडाव गेलेलं फूल कधी वापस नाई आलं."

मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी द्यायला गेलो, तेही उष्टं. न राहवून म्हणालो, "बाई, मी तवा फोडाले नोयती पाह्यजे."

"फोडली त्याचा राग नोयता मले." तिची नजर पडद्यावरच होती. "आत काय हाये ते मलेबी पाहाचं होतं. तू एकट्यानंच पाह्यलं, अन् फेकून आला."

मी दुसरी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. माऊस तिच्या हातात दिला आणि कुठं दाबायचं ते दाखवलं. एका क्लिकला एक पाचर नाहीशी व्हायची. सहाच्या पाच झाल्या, पाचाच्या चार. शेवटची गेली तेव्हा पडद्यावर मागचं मूळ चित्र, म्हणजे बाईच्याच वाफ्यातले मातकट तुकडे उरले.

"एवढंच होतं आत?"

"एवढंच."

ती पुढं झुकून पाहत राहिली. मग म्हणाली, "तवाच सांगाचं ना मंग. त्याच दिवशी बोलली असती."