पारा उतरला, पलंगाखाली गेला

मुखेडला एका डॉक्टरांकडं मी सिस्टर आहे. पेशंट गोळ्या घेऊन जातात आणि किस्से इथंच टाकून जातात. आता त्यातले अर्धे नुसत्या पाऱ्याचेच झालेत!

*

एका बाईचा फोन आला. लेकराला ताप होता. काचेचा थर्मामीटर हातातून पडून फुटलाय, हे काही तिनं सांगितलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "पारा उतरला का?"

"हाव, उतरला की! पलंगाखाली गेला."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "झाडू लावू नका! फॅन बंद करा, खिडक्या उघडा, सगळे बाहेर निघा! वाफ छातीत जाते!"

"सगळे भायेरच हावं, साहेब. आमचे हे तेवढे आत हायेत. चमच्यानं धरून राहिलेत."

*

एक नवरदेव आला. बिनलेबलची गोरं व्हायची क्रीम महिनाभर चोपडलेली. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, लघवीला फेस.

"क्रीममध्ये पारा असणार. किडनीवर आलंय. आजपासून बंद!"

"साहेब, फोटोपुरती तरी लावू द्या ना!"

सोबत आलेली आई कडाडली, "मुडद्या, पोरीनं तुझं तोंड बघून हो म्हणलं. आता तेच वळखू येईना. मांडवात हार कुणाला घालंल ती?"

*

ओपीडीत डॉक्टर पारा अंगात भिनल्याची लक्षणं सांगत होते. हात थरथरतात, झोप लागत नाही, चिडचिड होते, विसरायला होतं, हिरड्या सुजतात, तोंडाला धातूची चव येते.

एक गुरुजी उठले. "साहेब, चवीचं माहीत न्हाई. बाकी समदं आमच्या हेडसरला हाय!"

"मग त्यांची लघवी तपासू."

गुरुजी खाली बसले. "ती मी कशी मागू?"

*

आणि हे परवाचं. डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या मागंच. वहिनींना दिवस गेलेत. डॉक्टरांचे वडील, आप्पा, पक्के शिवभक्त. देवघरात पाऱ्याची पिंड. रोज दुधाचा अभिषेक करायचा आणि तेच तीर्थ घ्यायचं. त्या दिवशी आप्पांनी वाटी थेट सुनेच्या हातात दिली.

डॉक्टर धावले. "आप्पा, नको! दुधात पारा उतरतो. पोटातल्या लेकराच्या मेंदूवर जाईल!"

"महादेव कुणाचं वाईट करत न्हाई."

"मी महादेवाला कुठं बोललो? मी पाऱ्याचं बोलून राहिलो!"

आप्पा लई भडकले. "तुझ्या टायमाला तुझ्या आईनं नऊ महिने हेच तीर्थ घेतलं. काय झालं रे तुला?"

डॉक्टरांच्या आईनं, म्हणजे अव्वांनी, लेकाला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. पुन्हा एकदा न्याहाळलं.

मग सुनेच्या हातातली वाटी काढून घेतली आणि म्हणाल्या, "तू नको पिऊ ग बाई!"