बाईंची बस

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी पालिकेची एक मराठी शाळा होती. तिथे मी शिकवायचे. मी नोकरीला लागले तेव्हा एकेका इयत्तेच्या दोन-दोन तुकड्या होत्या. शेवटी शेवटी पहिली ते चौथीची सगळी मुलं एकाच वर्गात मावायला लागली आणि बाकीच्या खोल्यांना कुलपं लागली. मग वरून ठरलं, शाळा बंद करायची आणि मुलांना हायवेपलीकडच्या शाळेत पाठवायचं.

पालकांना समजावायचं काम माझ्यावर आलं. बसची सोय होईल असं सांगा, साहेब म्हणाले. नक्की का, असं मी विचारलं, तर म्हणाले, प्रस्ताव गेलाय. इतक्या वर्षांच्या नोकरीत ‘प्रस्ताव गेलाय’चा अर्थ मला कळत होता. तरी सभेत उभी राहून मी म्हटलं, "बस इथेच, दारात येईल."

लोक कुरकुरायला लागले. सभेत माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती. नवरा वारलेला, सकाळी लवकर मॉलमध्ये साफसफाईला जायची. तिची दुसरीतली लेक डोंगराच्या पायऱ्या उतरून एकटीच शाळेत यायची. ती आई उठली आणि सगळ्यांना म्हणाली, "बाई आपल्याला खोटं कशाला सांगतील?" पुढे कोणी काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

जूनमध्ये पलीकडची शाळा सुरू झाली. बस आली नाही. माझीही बदली तिथेच झाली होती. एकदा सकाळी रिक्षातून जाताना हायवेच्या दुभाजकावर ती मुलगी दिसली. दप्तर छातीशी धरून, ट्रक थांबायची वाट बघत उभी. मी रिक्षा सोडून धावले, तिला पलीकडे नेलं. पादचारी पुलावरून का येत नाहीस, म्हणून रागावले. पूल फार लांब पडतो, म्हणाली, उशीर होतो. मग म्हणाली, "आई बोलली, बाईंची बस येईपर्यंत असंच जायचं."

दुसऱ्या दिवसापासून मी मुलांना गोळा करून पुलावरून चालत न्यायला लागले. पण तोवर काहींनी शाळा सोडलीच होती. थोड्याच दिवसांत ती मुलगीही यायची बंद झाली. चौकशीला घरी गेले तर कळलं, आईने तिला जालन्याला मामाकडे ठेवलंय.

मला राहवलं नाही. मी तिच्या आईला सांगून टाकलं, की बसचं नक्की नाही हे मला सभेतच माहीत होतं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली. "मला वाटलं, साहेबांनी तुम्हालाच फसवलं," ती म्हणाली. "वस्तीत सगळ्यांना मी तसंच सांगितलंय, बाई."

मी माफी मागितली. ती पुन्हा घड्या घालायला लागली. मी निघाले. खरं काय ते वस्तीत तिने अजून कोणालाच सांगितलं नसावं. लोक अजून मला वाकून नमस्कार करतात.