नव्या तांदळाचं पीठ

राजुऱ्याच्या एका बेकरीत मी चाळीस वर्षं भट्टीवर काढली. शाळा म्हणाल तर तिसरी, तीही अर्धी. पण मैदा चिमटीत धरला की तो ताजा आहे का पडून राहिलेला, कोरडा आहे का दमट, हे मी पोत्याकडं न बघता सांगत होतो. फुशारकी मारायला हे लिहीत नाही. याच फुशारकीनं पुढं माती केली, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमची वस्ती कोणती हे राजुऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं शेठनं मला चाळीस वर्षांत एक दिवसही समोर दुकानात उभं केलं नाही. मी आत, भट्टीच्या तोंडाशी. माझ्या हातचा पाव, टोस्ट, नानकटाई खाणीतले लोक खायचे, मास्तर खायचे, ज्यांच्या घरी आम्हाला पाणी वरून ओतून मिळायचं तेही खायचे. माल आतून येई. कोणी केला हे कोणी विचारत नव्हतं, आणि शेठ सांगत नव्हता.

शेठ सकाळी घरून झाकणाचा एक डबा आणायचा. त्यात बेकिंग पावडर, खायचा सोडा, मीठ, दुधाची पावडर, पिठीसाखर, सारं आधीच मोजून मिसळलेलं. आम्ही तो डबा मैद्यात रिकामा करायचा, एवढंच. माप त्यानं कोणाला दाखवलं नाही. "कारागिराले माप समजलं का दुसऱ्या दिवशी तो समोर दुकान टाकते," असं म्हणायचा. मी शिकलो ते बोट लावून, चाखून. मीठ आणि साखर पहिल्या वर्षी कळली. सोडा जिभेच्या कडेला लागतो, पावडर मधोमध चुरचुरते, हे कळायला तीन वर्षं गेली. ते माप मी कागदावर कधीच उतरवलं नाही. ते माझ्या मुठीत होतं आणि मुठीतच ठेवलं.

गाडीनं बाहेरचा पाव यायला लागला तशी बेकरी बंद पडली. पुढं बायको गेली आणि मी मूल गावी पोराच्या घरी राहायला आलो. पोरगा घुग्घुसला खाणीत, शिफ्टची नोकरी, आठवड्यातून एखादा दिवस घरी. म्हणजे घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी सून. सून बारावी शिकलेली. गल्लीतल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. तिनं एक छोटा ओव्हन घेतला होता आणि वाढदिवसाचे केक करून द्यायची. पण पीठ बाजारातलं. तयार पाकीट फोडायचं, पाणी घालायचं, ढवळायचं. मी पाहिलं आणि मला हसू आलं.

"हे का केक होय? साबण हाय हा," मी म्हटलं.

"मग तुम्ही करून दाखवा ना, मामाजी," ती म्हणाली. "बसल्याबसल्या नावं काऊन ठेवता?"

करून दाखवलं. मोठ्या परातीत चार भाग मैदा, एक भाग तांदळाचं पीठ. तांदळाच्या पिठानं नानकटाई खुसखुशीत होते, नाहीतर दाताला चिकटते. त्यात साखर, दुधाची पावडर, मीठ, सोडा, बेकिंग पावडर. तीनदा चाळायचं. दोनदा चाललं असतं असं ज्याला वाटतं त्यानं पाकीटच आणावं. मग वनस्पती तूप, आणि ते बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळवा लावायचा नाही, तळव्याच्या गरमीनं तूप वितळतं. रव्यासारखं झालं की मूठ आवळून बघायची. गोळा धरला पाहिजे आणि अंगठ्यानं टोचला की फुटला पाहिजे. झालं. डब्यात भरा. दूध आणि अंडं घातलं की केक, आणखी तूप घालून मळलं की नानकटाई, दही घालून तव्यावर टाकलं की गोड जाड पोळी. एकाच डब्यातून सगळं.

पहिला केक ओव्हनमधून काढला आणि सुनेनं कापला. एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. मग वही घेऊन आली.

"मैदा किती ग्रॅम, मामाजी?"

"ग्रॅम-ब्रॅम मले माहीत नाई. माह्या चार ओंजळी."

"आन् सोडा?"

"चिमूट. दोन. थंडीत दीड."

"तुमची चिमूट मी कुठून आणू?" ती म्हणाली. "उद्या तुम्ही गावाले गेले तं मी काय करू?"

"मी येतपर्यंत थांबायचं."

ती हसली. पण पुढच्या वेळी मी पीठ घ्यायला बसलो तर परातीखाली तिचा वजनकाटा. मी एकेक ओंजळ टाकतो आणि ही आकडे लिहून राह्यली! माझं डोकंच फिरलं. परात उचलून बाजूला ठेवली. म्हटलं, चाळीस वर्षं राजुऱ्यानं या हातचं खाल्लं, कोणाला काट्याची गरज पडली नाही.

तिनं वही बंद केली आणि शांतपणे म्हणाली, "तुमचा शेठबी असाच करे ना? तुम्हीच सांगता."

त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिचं खोटं असतं तर तासाभरात विसरलो असतो.

पुढच्या हिवाळ्यात मूललाच आसपासच्या बचत गटांचं प्रदर्शन ठरलं. कोणी लोणचं, कोणी मोहाचे लाडू, कोणी बांबूच्या टोपल्या ठेवणार होतं. सुनेनं गटात सांगितलं, आपण माझ्या सासऱ्याच्या हातचं पीठ ठेवू. पाकिटात भरू, वर लिहू, दूध-अंडं घाला आणि कुकरात भाजा. बायका कुरकुरल्या. पीठ कोण विकत घेतं? ती अडून बसली. म्हणाली, याची जबाबदारी माझी. हे मला गटातल्या दुसऱ्या एकीनं सांगितलं. ऐकून माझी छाती किती फुगली ते सांगायला आता लाज वाटते. चाळीस वर्षं आत असलेला माणूस पहिल्यांदा समोर येणार होता.

इतके दिवस तांदळाचं पीठ मी गिरणीवरच्या जुन्या कणीचं करायचो. पण त्याच आठवड्यात माझा पुतण्या गावाकडून नव्या धानाचा तांदूळ घेऊन आला. आमच्या बांधीतला, म्हणजे आमच्या धानाच्या शेतातला. आमच्या झाडीपट्टीत नव्या तांदळाचं काय असतं ते बाहेरच्याला नाही कळणार. पोतं उघडलं की घरभर वास सुटतो. पहिला भात शेजारी वाटून खायचा असतो. माझ्या मनानं घेतलं, लोकांपुढं जायचं तर आपल्या बांधीतल्या तांदळानं जायचं. गिरणीच्या कणीनं नाही.

तांदूळ दोन पाण्यांनी धुतला आणि अंगणात खाटेवर लुगडं टाकून वाळत घातला. थंडीचं ऊन, चार वाजता संपतं. दुसऱ्या दिवशी दुपारीच मी तो चक्कीवर न्यायला काढला. सुनेनं चार दाणे उचलून दाताखाली धरले.

"मामाजी, मऊ लागून राह्यला. कट असा आवाज नाई येत. अजून दोन ऊन दाखवा."

"मले नको शिकवू, बाई."

"नवा तांदूळ हाय, त्यात धुतलेला. पाकीट बंद केल्यावर..."

"तुह्या जन्माच्या आधीपासून पीठ पाहून राह्यलो मी."

ती आत निघून गेली. परवा प्रदर्शन होतं, हेही खरं. चक्कीवाला म्हणाला, "भाऊ, पीठ जात्याले चिपकून राह्यलं." मी त्यालाही गप्प केलं.

पीठ झालं, मिसळलं, चोळलं. मूठ आवळली तर गोळा जरा जास्तच घट्ट. मी म्हटलं तूप जास्त झालं असेल आणि दोन ओंजळी मैदा टाकला. भरायच्या आधी सून म्हणाली, एक करून पाहू. केला. असा फुगला की तिच्याही तोंडावर हसू आलं. मी म्हटलं, "पाह्य. दाणे चावत बसली होती." ती म्हणाली, "बरं बाप्पा, तुमचं खरं." आणि पाकिटं भरायला बसली. त्या दिवशी ताजं पीठ होतं म्हणून फुगलं, हे तिलाही सुचलं नाही आणि मलाही नाही.

प्रदर्शनात पाकिटं दुपारीच संपली. सावली, सिंदेवाही, कुठकुठच्या गटांच्या बायकांनी नेली. सुनेनं मला खुर्चीवर बसवलं होतं, धुतलेल्या सदऱ्यात. ती सगळ्यांना सांगत होती, "हे माझे सासरे, यांनीच केलं." बायका वाकून पाकीट बघायच्या आणि मग माझ्याकडं बघायच्या. माझ्या आयुष्यात असा दिवस तोच एक.

पंधरा-वीस दिवस गेले. मग एकेकीचे फोन यायला लागले. केक फुगत नाही. चपटा होतो, खाली गोंद राहतो. कोणाच्या पाकिटात गाठी, कोणाच्या पिठाला आंबूस वास. बंद पाकिटात ओल कोंडली होती. सोडा आणि पावडर जागच्या जागीच मरून गेली होती. घरी डब्यात थोडं पीठ उरलं होतं, ते मी गुपचूप उघडून जिभेवर ठेवलं. मधोमध काही चुरचुरलं नाही. गटातल्या कोणत्याही बाईच्या आधी मला कळलं होतं काय झालं ते.

रविवारी गट आमच्याच घरी जमला. समोरच्या खोलीत बायका, मी आतल्या खोलीत पडद्याआड खाटेवर. दोघी-तिघींनी पाकिटं परत आणली होती, ती मधोमध ठेवलेली.

"माह्या नणदेनं नातवाच्या वाढदिवसाले केला," एक म्हणाली. "पाहुण्यांपुढं शेणाची थापी ठेवल्यावानी ठेवला. आता मले तोंड दाखवाले जागा नाई."

दुसरी म्हणाली, "आम्ही तं पह्यलेच म्हटलं होतं, लोणचं ठेवा."

"म्हाताऱ्याचा हात गेला असंन आता," तिसरी जरा हळू म्हणाली. पण पडदा तो पडदाच, भिंत नव्हे.

मी खाटेवरून उठलो. चार पावलं होती. पडदा सारायचा आणि म्हणायचं, तांदूळ मी ओला दळला, हिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. एवढंच. माझा हात पडद्यापर्यंत गेलाही होता.

तेवढ्यात सून बोलली. "हात नाई गेला त्यांचा. चूक माही हाय. तांदूळ वाळवाचं काम माह्याकडं होतं, मी घाई केली. त्यांनी तं म्हटलं होतं, अजून दोन ऊन दाखव म्हणून."

माझंच पाप आणि तिचेच शब्द, उलटे करून. मी हात मागं घेतला. मागच्या दारातून चपला घातल्या आणि बसस्टँडवर जाऊन बसलो. दोन चहा प्यालो. मूल-चंद्रपूर गाड्या येत राहिल्या, जात राहिल्या. स्वतःशी म्हणत होतो, तिनं मोठ्या मनानं माझी लाज राखली, आता बाहेर जाऊन तिला खोटी कशाला पाडू? माणूस भित्रा असला की त्याला असली कारणं फार लवकर सापडतात.

घरी आलो तेव्हा बायका गेल्या होत्या. तिनं जेवायला वाढलं. भाजीत मीठ बरोबर आहे का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. तिची अध्यक्षाची जागा गेली होती हे मला आठ दिवसांनी कळलं, तेही पोराकडून. गटानं लोणचं सुरू केलं आणि ओव्हनवर टॉवेल पडला.

नंतर मी पुष्कळ विचार केला. बेकरीत चाळीस वर्षं तेच पीठ कधी बिघडलं नाही, मग घरीच कसं? एका दुपारी उत्तर सापडलं. बेकरीत पोती भट्टीच्या मागच्या भिंतीला लावून ठेवायची रीत होती. ती भिंत बारा महिने गरम. पीठ आमच्या हातात येईपर्यंत ती भिंतच ते वाळवायची. मी माप चोरलं, हात तयार केला, जीभ तयार केली, आणि अर्धं काम मागं उभी असलेली भिंत करत होती ते चाळीस वर्षांत मला दिसलं नाही. शेठलाही दिसलं नसेल. ती म्हणत होती ती दोन उन्हं म्हणजे ती भिंत. चार दाणे चावून बारावी शिकलेल्या पोरीला जे कळलं ते मला कळलं नाही. खरं तर मला कळून घ्यायचंच नव्हतं.

आता दोन वर्षं झाली. ती पुन्हा केक करते, कधीमधी, ऑर्डर आली तर. पीठ पाकिटातलं आणते. मला विचारत नाही आणि मी नावं ठेवत नाही. माझ्या वाट्याला एक तुकडा येतो, तो खातो.

माझं अक्षर कोणाला लागत नाही. म्हणून लिहिलेलं सगळं तीच साफ अक्षरात उतरवून देते. हे पान मी महिनाभर उशीखाली ठेवलं आणि काल तिच्या हातात दिलं. तिनं ओट्यापाशी उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर म्हणेल जाऊ द्या मामाजी. तिनं पान घडी करून ठेवलं.

"हे तवा बोलाचं होतं, मामाजी," ती म्हणाली. "पडद्याच्या खाली तुमचे पाय दिसून राह्यले होते मले. मी वाट पाहून राह्यली होती."

मी म्हटलं, "हेबी लिही."

तिनं हात पुसले, बसली आणि लिहिलं.