खात्याचा गूळ

सिंदीच्या एका किराणा दुकानात आमचं खातं होतं. होतं म्हणजे नावाला. आम्ही भाजीवाले लोक. वांगी, मेथी, पालक, सांबार (तुमच्याकडे कोथिंबीर म्हणतात तो) बाजारात न्यायचा, विकायचा आणि त्याच पैशातून मीठ-मिरची घेऊन घरी यायचं. उधारीची गरज कापूसवाल्यांना, त्यांचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. आमचं खातं सासऱ्यांनी कधीतरी उघडलं होतं. ते गेले, तरी त्यांच्याच नावानं चालू होतं. पाहुणे आले तर साखर, एखाद्या सणाला तेल. बाकी त्या खात्यावर धूळ.

पण ते चालू ठेवायची एक रीत होती, बरं का. दिवाळीच्या पाडव्याला शेठ नवी वही पूजेला लावायचे. त्या दिवशी खातेदाराच्या घरचं माणूस दुकानात गेलं की शेठ तराजूच्या पारड्यात गुळाचा खडा ठेवायचे. खडा उचलला, म्हणजे नव्या वहीत नाव चढलं. नाही उचलला, म्हणजे संपलं. तोंडानं 'बंद करा' असं कोणी म्हणत नसे. पाडव्याच्या दिवशी 'बंद' हा शब्द दुकानात काढायचाच नाही.

आता यात कटकट कुठून आली, तर धाकट्या दिरांपासून. ते हिंगणघाटला गिरणीत लागले होते, बायकोला घेऊन तिकडेच राहत. येता-जाता सिंदीला उतरायचे आणि बापाच्या नावावर चहा, साखर, सिगारेटची पाकिटं घेऊन जायचे. शेठ देत. घरचा पोरगा, नाही कसं म्हणतील? भरपाई मात्र आमच्या वांग्यांतून. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, आणि दिवाळीच्या आधी आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, जेवता जेवता ताट सरकवलं.

"या पाडव्याले गूळ नाई उचलायचा. सांगून ठेवतो."

मामीजी, माझ्या सासूबाई, चुलीपाशी होत्या. भाकर उलटायची राहिली, जळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वाफ्यात सांबार उपटत होतो. तो वाफा त्यांचा. पेरायच्या त्या, पाणी धरायच्या त्या, बाजारात टोपली घेऊन बसायच्याही त्याच. पैसे मात्र घरी आल्यावर मालकांच्या हातात. आधी सासऱ्यांच्या हातात जायचे, आता यांच्या. तेव्हा सगळ्यांकडे तसंच होतं, कोणाला त्यात काही वाटत नसे. मला तरी वाटलं नव्हतं, त्या बोलेपर्यंत.

"पोरी, मले उधारीचं काय करायचं?" जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या. "पर तेवढी एक जागा आहे. तेथं जाऊन उभी राह्यली, तं कोणी इचारत नाई का कायले पाह्यजे. घरात चिमूटभर तमाखू पाह्यजे तं पोराच्या तोंडाकडे पाहा लागते. त्याचं तोंड चांगलं असलं तं मागतो, नाई तं चूप बसतो."

मी म्हटलं, "मग सांगा ना त्यायले."

"काय सांगू? तुह्यापाशी मागाची मले लाज वाटते म्हणून? पोराले असं सांगतेत काय?"

मी मधल्यामध्ये. रात्री हे मला म्हणाले, "मायच्या कानी लागू नको तू." मी म्हटलं, मी कुठं लागते? पण झोप काही लागली नाही. खातं राहिलं तर भाऊभाऊ एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत, आणि गेलं तर ही बाई आतल्या आत मिटून जाईल. दोन्ही मला दिसत होतं आणि विचारणार मला कोणीच नव्हतं.

पाडव्याला यांनी बंडी जुंपली. मामीजी न बोलावता येऊन बसल्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात काही नाही. मीही बसले, मला बांगड्या भरायच्या होत्या असं सांगून. रस्त्यानं कापसाच्या बंड्यांची रांग. चाकाचा आवाज तेवढा. अर्ध्या वाटेवर हे म्हणाले, "माय, तू कायले येऊन राह्यली? हिसाब मी करतो."

"तू हिसाब कर. मी बसतो."

"तेथं काही बोलजो नको."

"बापाच्या नावाचं खातं आहे. त्याची बायको आहो मी. इतकंई नाई बसायचं?"

यांनी बैलाला उगीचच एक ठेवून दिली.

दुकान भरलेलं होतं. शेठ नवी टोपी घालून गादीवर. यांनी जुनं देणं रुपयाला रुपया मोजून दिलं. शेठ हसून म्हणाले, "साफ झालं बरं का दादा," आणि रीतीप्रमाणे गुळाचा खडा पारड्यात ठेवला. पारडं हाललं, थांबलं.

यांनी हात मागे बांधले.

शेठांना कळलं. पाच-सहा माणसं होती, त्यांनाही कळलं. सिंदीत आमच्या घरचा गूळ पारड्यात राहिला, ही गोष्ट बाजार उठायच्या आत गावभर झाली असती. शेठांनी मामीजींकडे पाहिलं. "माय, तुमची काय मर्जी?"

मला वाटलं, आता या उचलतात. उचलला असता, तर चारचौघांत पोराचं नाक कापलं गेलं असतं. मामीजी उठल्या, पारड्यापाशी गेल्या, आणि हात न लावता म्हणाल्या,

"हा राहू द्या, शेठजी. हा बुढ्याचा आहे, बुढा गेला. माह्या नावाचा दुसरा ठेवा."

कोणीतरी मागून फिसकन हसलं. शेठांचा हात गुळाच्या भेलीवर तसाच थांबला. "माय, बाईमाणसाच्या नावानं खातं नाई ठेवत आपण. मालक लागते. भरणार कोण?"

"आजवर कोणं भरलं?"

"मोठा भरते ना तुमचा."

"तो भरते. पैसा कायचा असते? इचारा त्याले."

आता सगळे यांच्याकडे पाहायला लागले. शेठ म्हणाले, "दादा, तुमी हमी घेत असान तं पाहू. नाई तं नाई." म्हणजे बघा, ज्या माणसाला खातं नको होतं, त्याच्याच जिभेवर येऊन बसलं. 'हो' म्हणावं, तर पुन्हा गळ्यात पडलं. 'नाही' म्हणावं, तर आई भर दुकानात उभी. यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग ते शेठांना म्हणाले, जरा रागानंच म्हणाले,

"माह्यी हमी कायले पाह्यजे? बाजारात लोक माह्या नावानं सांबार मागतेत काय? बुढीचा सांबार कोठी आहे, असं इचारतेत. तुमच्या घरूनच दर बाजाराले बाई येते. तिले इचारा, बुढीनं कधी सडकी जुडी देल्ली काय."

शेठ म्हणाले, "पुढच्या पाडव्यापर्यंत पाहू. थोडंथोडं नेजा." आणि पहिला खडा काढून दुसरा ठेवला. मामीजींनी तो उचलून पदरात बांधला. वर म्हणाल्या, "एक ऐका, शेठजी. मी सोता आली तरच द्यायचं. मोठा आला तरी नाई, लहाना आला तरी नाई." मग माझ्याकडे बोट करून, "अन् हे आली तरी नाई."

खोटं कशाला सांगू, मला ते लागलं. मी त्यांच्या बाजूची ना! परतताना मी तोंड फुगवून बसले, हे पुढे तोंड करून बसले, आणि मामीजी तमाखू मळत बसल्या.

संक्रांतीच्या सुमारास धाकटे दीर संध्याकाळी दारात आले ते तडतडतच. शेठांनी दुकानातून रिकामं परत पाठवलं होतं.

"माय, बापाचं खातं मोडलं तुमी? मले इचारलं काय? चार माणसात त्यानं मले म्हटलं, बुढीले घेऊन ये!"

हे ओट्यावरून उठायला लागले. मामीजींनी त्यांना हातानं बसवलं.

"काय पाह्यजे होतं तुले?"

"काही नाई."

"काही नाई तं दुकानात कायले गेलता? सिगारेट?"

दीर उंबऱ्यावर बसले. बैलांना चारा टाकून मी आत आले, तरी ते बसलेलेच. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "डिंक अन् खोबरं. तिचे दिवस भरत आले. तिकडे कोणी नाई करून देणारं."

आम्हाला ठाऊकच नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं. मामीजी उठल्या आणि मोठ्यांदा ओरडल्या, मी त्यांना तसं ओरडताना पहिल्यांदा ऐकलं.

"अन् हे तू दुकानदाराले सांगाले गेलता? मी मेली होती काय इथं?"

दीर रडले. मोठा गडी, पण रडला. यांनी भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसतं आईला विचारलं, "सकाळी कधी निघायचं सिंदीले?"

"उजाडल्याबरोबर," मामीजी म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "तूई चल, पोरी. डिंक निवडून घ्या लागते, माह्या डोळ्याले दिसत नाई आता."