आजी डावीकडे होती

पार्लरवाल्या ताईच्या जिभेला हाड नाही, हे तिच्या गिऱ्हाइकांना पक्कं ठाऊक होतं. हातात कात्री, तोंडात गप्पा, आणि दोन्हींना थांबणं माहीत नाही. पण हल्ली तिला एकच विषय सुचायचा, तो म्हणजे कबरी. बाई लग्नाला जायची म्हणून केस सेट करून घ्यायला बसलेली असो, ताई विचारणारच, "तुमचे पणजोबा कुठं पुरलेत हो?" आता काय म्हणावं हिला!

सगळं आत्यामुळे सुरू झालं. आत्यानंच तिला लहानाची मोठी केलेली. आता आत्याचे गुडघे गेले, चाकांची खुर्ची आली आणि म्हातारीनं धोशा लावला, "मला एकदा माझ्या आईजवळ नेऊन बसव. मग कुठंही टाक."

आईची कबर गावाबाहेरच्या जुन्या कबरस्तानात. वाट गोठ्याला लागून जायची आणि गोठेवाल्यानं ती कित्येक वर्षांपूर्वी काटेरी तार लावून बंद केली होती. कुणीतरी फाटक उघडं टाकलं, वासरं पळाली, संपलं! "तिथं माझं कोण आहे?" तो म्हणायचा. "आजोबांना कुठं पुरलं तेही आमच्यात कुणाला माहीत नाही. मी कशाला वाट देऊ?" म्हणून तर ताई पणजोबा शोधत सुटली होती. जितक्यांची माणसं तिथं निघतील, तितके लोक वाट मागायला येतील.

ती स्वतः कित्येक वर्षांपासून मागच्या पडक्या भिंतीवरून चढून आत जायची. आत्यानं खूण सांगितली होती, "आत शिरलं की मोठ्या झाडाच्या डावीकडे." तिथलं गवत ती उपटायची, फुलं ठेवायची आणि घरी येऊन सांगायची, "तुझी आई मजेत आहे." दगडावरची अक्षरं मात्र झिजून सपाट झाली होती.

एका संध्याकाळी दगडांवरची नावं वाचायला ती पार्लरमधला हातआरसा घेऊन गेली. तिरका उजेड पडला की कापायची राहिलेली एकेक बट उठून दिसते, मग अक्षरं का नाही दिसणार? सुरुवात आजीपासूनच करू म्हणून तिनं कवडसा दगडावर आडवा टाकला. अक्षरं उठली. नाव कुणा पुरुषाचं होतं, आणि आडनाव गोठेवाल्याचं!

ताईनं कपाळावर हात मारला. आत्याची डावी बाजू फाटकातून येणाऱ्याची, आणि ही बया येत होती मागून! इतकी वर्षं जिला "बरी आहेस ना गं आजी?" म्हणून विचारलं, तो चांगला बाप्या निघाला. झाडाच्या पलीकडे तर नुसती काटेरी जाळी माजलेली. आता आत्याला काय सांगायचं?

ती तडक गोठ्यात गेली. गोठेवाला धारा काढत होता.

"वाट मिळणार नाही, ताई."

"वाट गेली खड्ड्यात. तुमच्या आजोबांना भेटायला चला."

तो बादली तशीच ठेवून निघाला आणि स्वतःच्याच तारेत शर्ट फाडून घेतला. ताईनं आरसा धरला. त्यानं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग स्वच्छ कबरीकडे, फुलांकडे बघत राहिला.

"हे सगळं कोण करतं?"

"मीच. चुकून."

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं, पाणी काही थांबेना.

दुसऱ्याच दिवशी तार निघाली. फाटक खुर्ची जाईल इतकं रुंद झालं, वाटेवर मुरूम ठोकून बसवला. "फाटक लावायला विसरलात तर बघा," हे मात्र तो येताजाता बजावत होता. जाळी दोघांनी मिळून तोडली. खाली आजी होती, नावासकट.

ताईनं आत्याला वाटेतच खरं काय ते सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या आईची फुलं त्या बाप्याला?" आत्या खुर्चीत गदागदा हसली. "आईला असले घोळ फार आवडायचे."

खुर्ची फाटकातून आत गेली, डावीकडे वळली. कबर जवळ आली तशी आत्या ओरडली, "थांब! थांब म्हणते ना!"

ताईनं खुर्ची जागीच रोखली. "काय गं, दुखतंय का?"

"तो आरसा दे इकडे." आत्यानं त्यात पाहिलं, वाऱ्यानं विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला. "आधी माझी वेणी नीट घाल. अशा अवतारात आई मला जवळ घ्यायची नाही."

ताईनं कंगवा काढला. जन्मात पहिल्यांदा केस विंचरताना ती एक शब्द बोलली नाही.